एकांकिका स्पर्धेची प्रतीक्षा यादी कशी चालवावी, की कुणाला बोट ठेवता येऊ नये

प्रश्न असा आहे: आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत प्राथमिक फेरीला २४ संघ घेता येतात आणि अर्ज चाळीसच्या आसपास येतात. उरलेल्यांची प्रतीक्षा यादी लावली जाते, ती जाहीरही होते, तरी दरवर्षी 'ओळखीच्यांना आत घेतलं' हे ऐकावं लागतं. काय बदलावं?

यादी जाहीर करून भागत नाही, हे तुम्हाला दिसलंच आहे. उलट यादी जाहीर झाली आणि आठ दिवसांनी पाचव्या क्रमांकाचा संघ आत, पण चौथा बाहेरच, असं दिसलं की संशय वाढतो. कदाचित चौथ्याला फोन गेला असेल आणि त्याने नाही म्हटलं असेल. बाहेरच्याला ते कळायचा मार्ग काय? म्हणून कसोटी अशी ठेवा. स्पर्धेशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या हातात तुमचे नियम आणि तुमच्या नोंदी द्यायच्या. कोणता संघ कधी आणि का आत आला, हे त्याला तुम्हाला फोन न करता सांगता आलं पाहिजे. तो जिथे अडेल तिथेच तुमचं भांडण आहे. बहुतेक वेळा तो यादीच्या क्रमावर अडत नाही, जागा रिकामी झाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांवर अडतो. त्यामुळे खाली सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिलं आहे.

आधी जागा मोजून दाखवा. ४५ मिनिटांचा प्रयोग, १५ मिनिटं नेपथ्य लावायला, ५ मिनिटं उतरवायला, म्हणजे एका संघाला ६५ मिनिटं. सत्रात चार संघ धरले तर ४ तास २० मिनिटं. नाट्यगृह साडेचार तास मिळणार असेल तर हातात १० मिनिटं उरतात, आणि एखाद्याचा लाइट बंद पडला की तीही जातात. अशी सहा सत्रं म्हणजे २४ संघ. हा हिशोब प्रवेश अर्जासोबत छापा. 'एक संघ आणखी बसवला असता तर काय बिघडलं असतं?' हा प्रतीक्षा यादीतल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर आधीच कागदावर असेल. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला प्राथमिक फेरीत ५१ संघ, हे अर्ज भरायच्या आधीच मुलांना ठाऊक असतं. आकडा पक्का आणि जुना असला की त्यावर वाद घालायला कुणी येत नाही.

राखीव जागांचंही तसंच. गतविजेत्यांना थेट प्रवेश, यजमान महाविद्यालयाचा एक संघ, प्रायोजकांनी सुचवलेला संघ, यातलं काहीही मुळात चुकीचं नाही. ते नंतर उघडकीला आलं की चुकीचं ठरतं. प्रवेशाच्या आवाहनातच लिहा: २४ पैकी २ जागा गतविजेते आणि उपविजेते यांना, २२ खुल्या. अमुक तारखेपर्यंत राखीव जागा घेतली नाही तर ती प्रतीक्षा यादीकडे जाईल. प्रायोजकांचा फोन येणारच असतो. त्यांना 'नियमात बसत नाही' सांगण्यापेक्षा छापलेला कागद पाठवणं सोपं. चतुरंग प्रतिष्ठानच्या 'सवाई' एकांकिका स्पर्धेला इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिकाच जातात. पात्रता बाहेरच ठरते, आयोजकांच्या मर्जीला वाव कमी. पहिल्या पायरीच्या स्पर्धेला तसा निकष मिळत नाही, म्हणून तिथे क्रम लावायची पद्धतच चोख हवी. पुढचे आकडे राखीव जागा नाहीत असं धरून दिले आहेत.

क्रम लावायला 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' वापरत असाल तर सोडून द्या. ते न्याय्य वाटतं, पण त्यात जिंकतो तो ज्याचं नेट चांगलं. दहा वाजता गूगल फॉर्म उघडला की पहिल्या दोन मिनिटांत तीस अर्ज येतात. फॉर्मवरची वेळ 'सबमिट' दाबल्याची असते, उघडल्याची नसते. त्यामुळे प्राचार्यांच्या पत्राची जड पीडीएफ चढवणारा मागे पडतो आणि घाईत रिकामी फाइल जोडणारा पुढे जातो. मग त्या रिकाम्या फाइलचं काय करायचं, हा नवा वाद. यूपीआयच्या वेळेवर क्रम लावला तर बँकेचा सर्व्हर तुमच्या स्पर्धेचा निकाल ठरवू लागतो. अर्जासाठी सात दिवस द्या, त्या सात दिवसांत आलेले सगळे सारखे, आणि मग सोडत.

सोडत एकच काढायची आणि सगळ्या ४० संघांची काढायची. पहिले २४ आत, २५ ते ४० म्हणजे प्रतीक्षा १ ते १६. चोविसावर थांबून 'प्रतीक्षा यादी उद्या बसून लावू' म्हणालात की संपलं, तो उद्याच संशयाचा. कुणाचा प्रयोग कधी हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या, म्हणजे तारखांचे लॉट्स, वेगळे. ते निवडलेल्या २४ संघांमध्ये, नंतर.

चिठ्ठ्या काढणार असाल तर चिठ्ठीवर नाव नको, क्रमांक हवा. लांबलचक नावाची चिठ्ठी मोठी होते आणि बोटांना कळते. एकाच कागदाचे सारखे तुकडे, सारखी दुहेरी घडी, पारदर्शक बरणी. बरणी रिकामी दाखवायची, चिठ्ठ्या मोठ्याने मोजत आत टाकायच्या, प्रत्येक चार-पाच चिठ्ठ्यांनंतर ढवळायचं, आणि पहिल्यापासून चाळिसाव्या चिठ्ठीपर्यंत एकच अखंड चित्रीकरण. मध्ये कॅमेरा बंद झाला तर ते चित्रीकरण नसल्यासारखंच धरलं जातं. संघ एकाच शहरातले असतील तर चिठ्ठ्याच उत्तम. लोक जमतात, चहा होतो, आणि डोळ्यांसमोर घडलेलं लोक मानतात.

संघ चार-पाच जिल्ह्यांतून येत असतील तर कुणालाही घरी बसून पडताळता येईल अशी सोडत बरी. अर्ज आलेल्या महाविद्यालयांची अकारविल्हे यादी करा, ०१ ते ४० क्रमांक द्या, जाहीर करा आणि चुका सांगायला दोन दिवस द्या. यादी गोठवतानाच लिहा की पुढच्या अमुक तारखेला मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सेन्सेक्सचा जो बंद भाव येईल, दोन दशांशांसह, तो आपला बीजांक, म्हणजे ज्या आकड्यापासून सोडतीचं गणित सुरू होतं तो. त्या दिवशी बाजाराला सुट्टी निघाली तर त्यानंतरचा पहिला कामकाजाचा दिवस. मग प्रत्येक संघासाठी एक ओळ करायची: बीजांक, उभी रेघ (|), संघाचा दोन अंकी क्रमांक. त्या ओळीचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, म्हणजे ठरलेल्या गणिताने निघणारी ६४ चिन्हांची खूण. चाळीस खुणा चढत्या क्रमाने लावल्या की तीच तुमची यादी. बीजांक कुणाच्या हातात नाही आणि गणित कुणालाही फुकट करता येतं. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी आयईटीएफ ही संस्था आपल्या नामनिर्देशन समितीतले मतदार सदस्य स्वयंसेवकांमधून याच विचाराने निवडते. त्या पद्धतीचं आरएफसी ३७९७ हे टिपण २००४ चं आहे.

यात बिघडतं ते लिहिण्याच्या पद्धतीत. स्प्रेडशीट ०७ चं ७ करून टाकते, बीजांकाच्या शेवटी .५० असेल तर .५ उरतं, कुणी हजारांचा स्वल्पविराम घालतो, कुणी देवनागरी अंक टाइप करतो, कुणाची ओळीअखेर एक मोकळी जागा राहते. यातल्या कशानेही हॅश पूर्ण बदलतो आणि 'आमच्याकडे वेगळाच क्रम येतोय' असे संदेश सुरू होतात. म्हणून रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, अंक इंग्रजी, स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, हे नियमात लिहा आणि यादी गोठवताना एखाद्या जुन्या तारखेचा बीजांक घेऊन एक नमुना सोडवून दाखवा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. सोडतीनंतर कळलं की एका महाविद्यालयाचा वेळेत आलेला अर्ज यादीत घालायचाच राहिला होता, तर चिठ्ठ्यांमध्ये सगळं पुन्हा काढा अशी मागणी होते. हॅशमध्ये त्या संघाला ४१ क्रमांक द्यायचा, त्याची खूण काढायची, ती जिथे बसेल तिथे तो संघ, बाकीच्यांचा आपापसातला क्रम जसाच्या तसा. फक्त आधीच लिहून ठेवा की तो पहिल्या २४ मध्ये बसला तरी जाहीर झालेल्या कुणाची जागा काढली जाणार नाही, त्याला प्रतीक्षा १ मिळेल. आणि कोणत्याही पद्धतीत सोडत दुसऱ्यांदा काढायची नाही. नावाजलेलं महाविद्यालय प्रतीक्षेत गेलं की 'काहीतरी तांत्रिक चूक झाली असावी' असं वाटायला लागतं. झालेली नसते.

एका महाविद्यालयाचे अ आणि ब असे दोन संघ हा स्वतंत्र विषय आहे. सरळ नियम असा: सोडतीत प्रत्येक महाविद्यालयाचा एक संघ. ब संघांची वेगळी सोडत, आणि ते प्रतीक्षा यादीच्या शेवटी. महाविद्यालय म्हणजे काय तेही लिहा, कारण एकाच आवारात अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक आणि वाणिज्य असतं आणि कलाकार फिरते असतात. विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या संलग्नता क्रमांकाने ओळख ठरवली की वाद मिटतो.

आता रिकाम्या जागेकडे. यादीत प्रत्येक संघापुढे दोन आकडे दाखवा, मूळ क्रमांक आणि सध्याचा क्रमांक, जसं रेल्वेच्या तिकिटावर आपण पाहतो. मूळ ९, सध्या ४. मधले पाच कुठे गेले हे सांगायला दुसरं पान लागतं, ते रिक्त जागांचं नोंदपत्रक. त्यात एका जागेची नोंद अशी दिसावी: 'संघ १७ ची माघार, १२ ऑगस्ट, सायंकाळी ६.१०. जागा: २५ ऑगस्ट, सकाळचं सत्र, तिसरा प्रयोग. विचारणा प्रतीक्षा १, १२ ऑगस्ट, सायंकाळी ७.००, मुदत २४ तास. नकार, १३ ऑगस्ट, दुपारी १.२०. विचारणा प्रतीक्षा २, १३ ऑगस्ट, दुपारी २.००. होकार, सायंकाळी ५.४५.' एवढी नोंद असली की 'पहिल्याला डावलून दुसरा कसा' हा प्रश्न उरत नाही. माघार मिळाल्यापासून दोन तासांत ती पानावर आली पाहिजे, हाही नियमच ठेवा. कारण जागा रिकामी झाली आहे हे फक्त समितीला माहीत असतं त्या काळातच शिफारशीचे फोन येतात.

उत्तराची मुदत प्रयोगाला किती दिवस उरलेत त्यावर ठरवा. पंधरापेक्षा जास्त दिवस असतील तर ४८ तास. आठ ते पंधरा दिवसांत २४ तास. सात दिवसांच्या आत आलं की सहा तास, आणि ते सकाळी ९ ते रात्री ९ यातले. रात्री साडेअकराला संदेश पाठवून पहाटे साडेपाचला मुदत संपवण्यात कायदा पाळला जातो, बाकी काही नाही. सात दिवसांच्या आत एकेकाला विचारत बसलं तर दिवस निघून जातो, म्हणून तेव्हा पहिल्या तिघांना एकदम विचारा: 'जागा मिळाली तर घ्याल का?' जागा मात्र होकार देणाऱ्यांतल्या सर्वांत वरच्या क्रमांकालाच. सगळ्यात आधी कुणी उत्तर दिलं याला किंमत नाही, हे त्या संदेशातच लिहा, नाहीतर तिसरा म्हणेल, मी तर दोन मिनिटांत हो म्हटलं होतं.

नकार दिला तर क्रमांक जातो का? पंधरा दिवसांहून जास्त वेळ असताना नकार दिला तर शेवटी जाणं योग्य. त्याहून कमी वेळ असेल तर क्रमांक कायम राहावा. पाच दिवसांत नेपथ्य उभं करता आलं नाही हा त्या मुलांचा दोष नाही, आणि नकाराची शिक्षा ठेवली तर अर्धवट तयारीने होकार देऊन आयत्या वेळी पडणारे संघ वाढतात. उत्तरच आलं नाही तर मात्र शेवटी.

संपर्कासाठी दोन क्रमांक घ्या, एक विद्यार्थ्याचा आणि एक सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांचा. दोन्हींवर तोच मजकूर, त्याच वेळी. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा पुरावा म्हणून धरू नका, अनेकांनी त्या बंद ठेवलेल्या असतात. आरटीईच्या पंचवीस टक्के प्रवेशात पालकांना सांगितलं जातं तेच इथे लागू करा: केवळ एसएमएसवर विसंबू नका, पान पाहत राहा. विचारणा पानावर चढली ती वेळ हीच मुदतीची सुरुवात.

रिकामी झालेली जागा म्हणजे ठरावीक तारखेचं ठरावीक सत्र. इथे एक छुपी अदलाबदल होते: रविवारी संध्याकाळची जागा रिकामी झाली की आत असलेला एखादा संघ ती मागतो आणि प्रतीक्षेतल्याला त्याची सोमवार सकाळ मिळते. कागदावर क्रम बरोबर, तरी अन्याय झालाच. जागा आहे त्या सत्रासह पुढे द्यायची. आपसात बदल हवा असेल तर दोन्ही संघांचं सहीचं पत्र, लॉट्सनंतर तीन दिवसांत, त्यापुढे नाही.

संघ उशिरा का गळतात ते पाहिलं तर निम्मं काम आधी करता येतं. लेखकाची लेखी परवानगी मिळालेली नसते, संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र अडकलेलं असतं, विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक बदलतं, मुख्य नट मालिकेत जातो, किंवा महाविद्यालय नेपथ्याचे पैसे देत नाही. पहिल्या दोन कारणांना टप्पे लावता येतात. प्रयोगाच्या २१ दिवस आधी संहिता आणि लेखकाचं पत्र, १० दिवस आधी प्रमाणपत्र किंवा अर्ज केल्याची पोच. जो टप्पा चुकवेल त्याची जागा त्याच संध्याकाळी नोंदपत्रकात. एका संघाला दोन दिवस वाढवून दिले तर सगळ्यांना वाढवावे लागतील, आणि तेही नोंदवून. प्रमाणपत्राचं दुसरं टोकही लक्षात ठेवा. प्रतीक्षेतल्या संघाला सहा दिवस आधी जागा मिळाली आणि प्रमाणपत्र नसेल तर त्याचा क्रमांक कागदावरच राहतो. म्हणून पहिल्या पाच प्रतीक्षा संघांना सुरुवातीलाच सांगा की मंडळाकडे अर्ज करून ठेवा.

अनामत रक्कम ठेवा, पण तिची उतरंड जाहीर करा: २१ दिवस आधी माघार घेतली तर पूर्ण परत, १० दिवस आधीपर्यंत निम्मी, नंतर शून्य. लवकर माघार घेण्यात फायदा असला की संघ लवकर सांगतात आणि प्रतीक्षेतल्यांना तालमीला दिवस मिळतात. जप्त झालेली रक्कम कुठे जाणार तेही लिहा. प्रतीक्षेतल्या संघांकडून प्रवेश शुल्क घेऊच नका. सोळा संघांचे पैसे महिनाभर आयोजकांच्या खात्यात आणि परतावा स्पर्धा संपल्यावर, यावरून जितका राग साचतो तितका क्रमावरून साचत नाही.

हे सगळं ठेवायला गूगल शीट पुरते. लोकांना फक्त पाहण्याचा अधिकार, बदलाचा अधिकार दोघांनाच. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: फक्त पाहणाऱ्याला शीटचा बदल-इतिहास दिसत नाही. त्यामुळे जुनी ओळ खोडायची नाही, चूक झाली तर खाली दुरुस्तीची नवी ओळ. दर रविवारी रात्री आठला त्या दिवसाची पीडीएफ काढून त्याच पानावर टाका. क्रमांकांचे रकाने कुलूपबंद करा, कारण कुणीतरी एकच रकाना निवडून 'सॉर्ट' करतो आणि नावं एकीकडे, क्रमांक दुसरीकडे. व्हॉट्सॲप ग्रुप सूचनेपुरता. नोंद म्हणून त्याचा उपयोग नाही.

सगळंच उघड करायचं नसतं. फोन क्रमांक नको. एकांकिकेचं नाव आणि विषय नको, काही संघ ते प्रयोगापर्यंत झाकून ठेवतात. माघारीचं कारणही तीन साच्यांतच लिहा: संघाची माघार, कागदपत्रं अपूर्ण, मुदतीत उत्तर नाही. कुणाच्या घरचं आजारपण किंवा महाविद्यालयातलं शिस्तीचं प्रकरण पानावर येता कामा नये. परीक्षकांच्या कागदावर कोण प्रतीक्षा यादीतून आलं याची खूण नको.

आपल्याकडे एकांकिका बसवणारे बहुतेक माजी विद्यार्थी असतात आणि आयोजनातही तेच राबतात. त्यांना वगळलं तर स्पर्धा होणार नाही. मात्र ज्याचा किंवा ज्याच्या महाविद्यालयाचा संघ यादीत आहे त्याने विचारणेचे फोन करायचे नाहीत आणि शीट उघडायची नाही. अशी नावं समितीने आधीच लिहून ठेवावीत. हरकतींसाठी दोघं जण, त्यातला एक समितीबाहेरचा. हरकत २४ तासांत नोंदवायची, निर्णय पुढच्या २४ तासांत, दोन ओळींत, त्याच नोंदपत्रकात.

मागच्या तीन वर्षांत प्रतीक्षा यादी कितव्या क्रमांकापर्यंत सरकली तो आकडा यादीच्या डोक्यावर छापा. तिन्ही वर्षं ती पाचव्याच्या पुढे गेली नसेल तर बाराव्या संघाला ते कळू द्या, म्हणजे ती मुलं दुसऱ्या स्पर्धेच्या तालमीला लागतील. यादी बंद व्हायची तारीख आणि वेळ आधीच ठरवा, स्पर्धेच्या पहिल्या प्रयोगाच्या ४८ तास आधीची. त्या वेळी उरलेल्या प्रत्येक संघाला 'यादी बंद झाली, तुमचा अंतिम क्रमांक अमुक' असा संदेश गेला पाहिजे. त्यानंतर कुणी गळलं तर ती जागा भरू नका. ६५ मिनिटांचा खंड जाहीर करा, पुढच्या संघाची वेळ अलीकडे ओढू नका, आणि नोंदपत्रकात 'रिक्त, यादी बंद झाल्यानंतर' एवढं लिहा.